जन आरोग्य योजनेतून मुतखड्याचं ऑपरेशन: अर्ज नेमका कुठे अडतो

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याचं ऑपरेशन मोफत होतं, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही माणसं हात हलवत परत येतात. त्यातले बरेचजण पात्र असतात, फक्त एखादा कागद अपुरा असतो किंवा कामाचा क्रम चुकलेला असतो.

पात्रतेवर फार बोलायला नको. 1 जुलै 2024 पासून पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाबरोबर पांढरं कार्डही चालतं, आणि दर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. हे 5 लाख घरातल्या सगळ्यांचे मिळून, प्रत्येकाचे वेगळे नव्हेत. कार्डच नसेल तर अधिवास दाखल्यावर काय होतं ते आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा. सोबत मूळ रेशनकार्ड, रुग्णाचं आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल हवा. हा मोबाइल मुलाकडे पुण्यात आणि रुग्ण गावी, असं फार वेळा होतं. मग ओटीपी येतो तिकडे आणि रांग थांबते इकडे.

रेशनकार्डाचा 12 अंकी ऑनलाइन क्रमांक आधी तपासा. जुनं, हाताने लिहिलेलं कार्ड कितीही खरं असलं तरी संगणकात दिसलं नाही तर आरोग्यमित्राचाही इलाज चालत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं, ही दुसरी नेहमीची अडचण. माहेरच्या कार्डावर नाव असेल तर ते कार्ड आणि लग्नाचं प्रमाणपत्र दोन्ही बरोबर न्या. दोन्हीकडे नाव नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जाण्यावाचून मार्ग नाही, आणि तिथे तातडी हा शब्द कुणी ऐकलेला नसतो. म्हणून पोट दुखत नसतानाच नाव चढवून ठेवा.

आता रुग्णालय. योजनेतलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक आजारासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेने मान्य केलेलं, नसतं. दारावर योजनेचा फलक असतो, आत गेल्यावर कळतं की तिथे हाडांची ऑपरेशनं होतात, मूत्ररोगाची नाहीत. जाण्याआधी 155388 किंवा 18002332200 या क्रमांकावर फोन करून ‘मूत्ररोग शस्त्रक्रिया योजनेत होते का’ असं स्पष्ट विचारा. ‘योजना आहे का’ एवढंच विचारलंत तर उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

सगळ्यात जास्त प्रकरणं अडतात ती रिपोर्टवर. ऑपरेशनआधी योजनेची मंजुरी, म्हणजे पूर्वमंजुरी, देणारा डॉक्टर रुग्णाला बघत नाही. अपलोड केलेले कागद, एवढंच त्याच्यासमोर असतं. खडा कुठे आहे आणि किती मिलिमीटरचा आहे, हे त्याला लेखी दिसायला हवं. सोनोग्राफीत मूत्रपिंडातला खडा बऱ्यापैकी दिसतो, पण मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या) मधल्या भागातला खडा आतड्यातल्या वायूमुळे बऱ्याचदा झाकला जातो. मग रिपोर्टात ‘डाव्या मूत्रपिंडाला सूज’ एवढंच लिहून येतं, खड्याचा पत्ताच नाही, आणि क्वेरी लागते, म्हणजे आणखी कागद मागितले जातात. अशा वेळी डॉक्टर साधा, रंगद्रव्य न देता काढलेला सीटी स्कॅन सांगतात. तो सांगितला असेल तर टाळू नका. सीटीची फिल्म आणि लेखी रिपोर्ट दोन्ही लागतात. लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) यांचे रिपोर्टही सोबत असू द्या. क्वेरी आली म्हणजे अर्ज नाकारला असं समजून काहीजण घरी निघून जातात. तसं नसतं. मागितलेला कागद दिला की प्रकरण पुढे सरकतं, न दिल्यास तिथेच पडून राहतं.

खडा लहान असेल तर वेगळी गोष्ट. 5 मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपोआप पडतात. डॉक्टर गोळ्या देतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात, आणि या बाह्यरुग्ण उपचाराला योजना लागू नसते. त्यासाठी आरोग्यमित्राशी भांडून उपयोग नाही. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यासाठी लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालतात. मूत्रपिंडातला 2 सेंटिमीटरहून मोठा खडा सहसा पाठीतून लहान छिद्र करून काढतात. अर्जावर यातली नेमकी कोणती शस्त्रक्रिया लिहिली आहे ते सही करण्याआधी विचारा, कारण मंजुरी त्या शस्त्रक्रियेलाच मिळते.

आधी पैसे भरून ऑपरेशन करायचं आणि मग योजनेतून परतावा मागायचा, असं होत नाही. ही योजना रोकडरहित आहे. पावत्या घेऊन फिरणाऱ्यांना हे सांगताना जीवावर येतं. ‘आधी ऍडव्हान्स भरा, मंजुरी आली की परत देऊ’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तर तिथूनच वरच्या क्रमांकावर तक्रार करा.

आधी कागद, मग उपचार या क्रमाला अपवाद जीव धोक्यात असण्याचा. खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी पूर्ण बंद झाली, तर रेशनकार्ड शोधत बसू नका, आधी दाखल व्हा. तातडीच्या रुग्णासाठी रुग्णालय फोनवर मंजुरी घेऊ शकतं आणि कागद नंतर देता येतात. पण कागद देण्याची मुदत डिस्चार्जपासून सुरू होते असं समजून माणसं निवांत राहतात आणि फसतात. कागद कोणत्या तारखेच्या आत हवेत ते दाखल झाल्याच दिवशी आरोग्यमित्राकडून लिहून घ्या.

योजनेत बसलंच नाही तर धर्मादाय रुग्णालयाचा पर्याय उरतो. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न 1,80,000 रुपयांच्या आत असेल तर तिथल्या 10 टक्के खाटांवर मोफत उपचार मिळतात, 3,60,000 च्या आत असेल तर आणखी 10 टक्के खाटांवर सवलतीत. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला काढून ठेवा आणि चौकशी खिडकीशी न थांबता थेट रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा.

ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत बऱ्याचदा डीजे स्टेंट नावाची बारीक नळी ठेवतात. तिच्यामुळे लघवीला जळजळ होते, थोडं रक्त दिसतं, हे चालतं. दुखायचं थांबलं की माणूस ती विसरतो, हे मात्र चालत नाही. महिनोन् महिने राहिलेल्या नळीवरच खडे चढतात आणि ती काढायला मोठं ऑपरेशन लागू शकतं. काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नळी काढणं याच मंजुरीत धरलं आहे की नवी मंजुरी लागेल, हेही तेव्हाच विचारा. नवी लागणार असेल तर त्या दिवशीही मूळ रेशनकार्ड, आधार आणि ओटीपीचा मोबाइल पुन्हा सोबत आणावा लागेल.