घातांक शून्ये मोजत नाही: दहाचा घात आणि वैज्ञानिक लेखन

दहाचा घात बहुतेकांना येतो, म्हणून त्यावर फार शब्द खर्च करत नाही. 10⁵ मध्ये 10 हा पाया, 5 हा घातांक, आणि एकावर पाच शून्ये म्हणजे एक लाख. परार्धासारखा भारदस्त शब्दही 10¹⁷ एवढ्यात आटोपतो. घोटाळा होतो तो लहानपणी पाठ केलेल्या एका वाक्यामुळे: ‘घातांक जितका, तितकी शून्ये.’ हे वाक्य दहाच्या निव्वळ घातापुरते, तेही घातांक ऋण नसताना, खरे आहे. वैज्ञानिक लेखनात मात्र ते लागू पडत नाही, आणि तरीही ते तेथे इतक्या सर्रास वापरले जाते की आता त्याचा वीट आला आहे.

वैज्ञानिक लेखनात संख्येचे दोन भाग असतात. पहिला गुणक, जो 1 किंवा त्याहून मोठा पण 10 पेक्षा लहान असतो, आणि दुसरा दहाचा घात. या दोहोंचा गुणाकार म्हणजे मूळ संख्या. निर्वातातील प्रकाशाचा वेग सेकंदाला नेमका 299792458 मीटर आहे आणि तो 2.99792458 × 10⁸ असा लिहितात. येथे घातांक आठ आहे, पण मूळ संख्येत शून्य औषधालाही नाही. मग हा आठ मोजतो तरी काय? तो पहिल्या अंकाचे स्थान सांगतो: सुरुवातीचा 2 दशकोटीच्या स्थानी आहे आणि दशकोटी म्हणजे 10⁸. त्या 2 नंतरचे दशांश चिन्ह उजवीकडे आठ घरे न्यायचे असते. वाटेत अंक असतील तर ते ओलांडायचे आणि अंक संपल्यावर जी घरे रिकामी उरतील तेवढ्यांतच शून्ये भरायची. म्हणून 3.6 × 10⁵ मध्ये पहिले घर 6 ने व्यापलेले असल्यामुळे शून्ये चारच येतात आणि संख्या 360000 होते. जे डोळे मिटून 36 च्या पुढे पाच शून्ये जोडतात, त्यांचे उत्तर दसपट होते.

ऋण घातांकालाही हाच नियम पुरतो: 10⁻³ मध्ये 1 हा अंक दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात बसतो, म्हणजे 0.001. घातांक ऋण असल्याने संख्या ऋण होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

कॅल्क्युलेटरवरही हीच गफलत होते. 10⁵ हवे असताना अनेक जण 10, मग ‘ईएक्सपी’चे बटण आणि मग 5 दाबतात, आणि पडद्यावर दहा लाख पाहून यंत्राला दोष देतात. त्या बटणाचा अर्थच ‘गुणिले दहाचा अमुक घात’ असा असल्यामुळे दहा त्यात आधीच आलेला असतो. आधी 10 नव्हे, 1 दाबायचा.

36 × 10⁴ असे लिहिणे किमतीच्या दृष्टीने चूक नाही, पण मला ते खपत नाही, कारण गुणक मर्यादेत नसला की घातांकावरून संख्यांची तुलना करण्याची सोय जाते. अभियंते घातांक तीनच्या पटीत ठेवतात तेव्हा गुणक 10 च्या पुढे जातो, पण तो त्यांचा सकारण संकेत आहे.

अर्थात गुणक मर्यादेत असला तरी केवळ घातांक पाहून भागत नाही. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान सुमारे 9.1094 × 10⁻³¹ किलोग्रॅम आणि प्रोटॉनचे सुमारे 1.6726 × 10⁻²⁷ किलोग्रॅम. घातांकांत चारचा फरक दिसताच ‘प्रोटॉन दहा हजार पट जड’ असे ठोकून दिले जाते. परंतु गुणकांचा भागाकार 0.1836 येतो, त्याला 10⁴ ने गुणले की 1836 मिळतात, आणि तेच वैज्ञानिक लेखनात मांडले की 1.836 × 10³ होतात. चारचा घातांक तीनवर येतो.