मगर हलली की ड्रोन?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा आमच्या दांडिया बाजारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला नवी मगर येत होती. एक तर थेट वीस फुटी! (आपली मगर पंधरा फुटांपुढे क्वचितच जाते.) परवा त्याच ग्रुपवर कळलं, की ड्रोनमधलं एआय म्हणे मगरीच्या मनातलं ओळखतं. मन राहू द्या, मगर हलली की नाही एवढं सांगतानाच संगणकाच्या नाकी नऊ येतात.

लांबी मोजणं सोपं. ८.८ मिलिमीटर नाभीय अंतराचा (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) आणि २.४ मायक्रॉनच्या पिक्सेलचा (चित्र ज्या ठिपक्यांचं बनतं, त्यातला एक) कॅमेरा ३० मीटरवरून पाहतो, तेव्हा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ८ मिलिमीटर. शेपूट पाण्यात असली तर डोकं मोजा आणि सातने गुणा, ढोबळ अंदाज येतो.

घोळ हालचालीत आहे. मगर काठावर ओंडक्यासारखी पडलेली, पण वाऱ्याने ड्रोन पाच सेंटिमीटर सरकला की चित्रात ती सहा पिक्सेल 'चालते'.

मग संगणक लागोपाठच्या दोन चित्रांत दगड, खोडं असे शेकडो ठळक बिंदू शोधून त्यांच्या जोड्या लावतो. बऱ्याच चुकतात. इथे माझी लाडकी युक्ती येते: फिशलर आणि बोल्स या संशोधकांची, १९८१ ची, नाव रॅनसॅक. चिठ्ठ्या टाकून चार जोड्या उचलायच्या, त्यांवरून ड्रोन किती सरकला, किती वळला याचं गणित मांडायचं आणि उरलेल्या जोड्यांना विचारायचं, 'पटतंय का?' असं शेकडो वेळा. सर्वाधिक होकार मिळेल ते गणित खरं. पाण्यावरच्या लाटा हलतात आपापल्या तऱ्हेने, त्यांचं एकमत होत नाही. काठचे दगड मात्र एका सुरात बोलतात. ड्रोनचं सरकणं वजा केलं, की उरतं ते मगरीचं.

पण चार जोड्यांचं हे गणित सपाट जमिनीचं. विश्वामित्रीचा काठ उभा. उंचावरचा दगड ड्रोनच्या जवळ, म्हणून तो चित्रात जास्त सरकतो. त्यासाठी अनेक कोनांतल्या चित्रांवरून जमिनीचा त्रिमितीय नकाशाच उभारावा लागतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी केनियातल्या झेब्र्यांच्या आणि इथिओपियातल्या गेलाडा माकडांच्या वाटा अशाच नकाशावर मांडल्या. ते काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्याकडच्या गढूळ पाण्यात बुडी मारलेली मगर वरून दिसतच नाही. काठावरची नीट दिसावी म्हणून ड्रोन खाली आणावा, तर पंख्यांच्या आवाजाने तीही पाण्यात सटकू शकते. मग वहीत नोंद होते ती आपण तिला कसं घाबरवलं याची.