जुनी लढाऊ विमानं: उडवावीत की ठेवून द्यावीत? (आमच्याबरोबर एअर शोला येणाऱ्यांसाठी)

सहलीला नाव नोंदवताना लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध ब्रिटिश लढाऊ विमानाबद्दल, "स्पिटफायर नक्की उडणार ना?" दुसरा जरा दबकत, "इतकी जुनी विमानं अजून उडवणं बरोबर आहे का हो?" पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे: नक्की असं काहीच नसतं. दुसऱ्यासाठी हे पत्रक काढलं.

आमचं मत आधीच सांगतो. उडवावीत, पण आजोबांना फिरायला न्यावं तशी. शर्यतीत पळवू नयेत.

अपघात कशामुळे होतात?

22 ऑगस्ट 2015 रोजी इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या शोत हॉकर हंटर हे जुनं जेट उभी गिरकी घेत होतं. वर जाताना पुरेशी उंची गाठली गेली नाही आणि ते शेजारच्या हमरस्त्यावर कोसळलं. 11 माणसं गेली. त्यांतलं एकही तिकीट काढून मैदानात बसलेलं नव्हतं. कुणी गाडीत होतं, कुणी रस्त्याकडेला उभं होतं. आम्हाला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. वैमानिकानं धोका जाणूनबुजून पत्करलेला असतो, प्रेक्षकानंही थोडाफार. रस्त्यावरच्या माणसाला कुणी विचारलं होतं? त्यानंतर ब्रिटिश नियामकांनी जमिनीवरून उडताना जुन्या जेटनी हवाई कसरती करणं बंद केलं आणि साध्या फेऱ्या तेवढ्या ठेवल्या. योग्यच केलं.

12 नोव्हेंबर 2022 ला अमेरिकेत डॅलस इथं बी-17 बॉम्बर आणि पी-63 किंगकोब्रा हे लढाऊ विमान हवेत एकमेकांवर आदळले, 6 जण दगावले. तपासात बोट नियोजनाकडे गेलं: कोणी कोणत्या उंचीवर राहायचं हे आधी ठरवून दिलंच नव्हतं. म्हणजे या दोन्ही ठिकाणी घात केला तो उडवण्याच्या पद्धतीनं, गंजक्या पत्र्यानं नव्हे. म्हणून आमचा रोख विमानापेक्षा कार्यक्रमावर आहे.

वयाचा प्रश्न खोटा आहे असं मात्र नाही. 2023 साली बी-17 च्या पंखांच्या जोडांची तपासणी अमेरिकेत सक्तीची झाली. व्हल्कन हे प्रचंड ब्रिटिश बॉम्बर 2015 च्या ऑक्टोबरात शेवटचं उडालं, कारण त्याची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी पुढे हमी द्यायला नकार दिला. चाहते हळहळले. आम्हीही. पण असं वेळेवर थांबलेलं बरं.

एकुलतं एक असेल तर?

तर जमिनीवरच ठेवावं, असं आमचं मत. 1996 मध्ये इंग्लंडात एका शोत मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं लाकडी विमान पडलं, दोघे गेले. उडण्याजोगं तेवढंच उरलं होतं. पुढचं मॉस्किटो आकाशात दिसायला 2012 उजाडलं, तेही न्यूझीलंडमध्ये लाकडी धड आणि पंख नव्यानं बांधून. मग ते खरं की नकली? आम्हाला या वादात फारसा रस नाही. इंग्लंडच्या शटलवर्थ संग्रहात सॉपविथ ट्रायप्लेन हे पहिल्या महायुद्धातलं तीन पंखांचं विमान नव्यानं बांधलं, तेव्हा मूळ विमान बनवणारे खुद्द टॉमस सॉपविथ यांनी ते नक्कल न मानता आपल्याच कारखान्याचं उशिरा निघालेलं विमान मानलं! मूळ जपावं आणि जुळं उडवावं, हा मार्ग आम्हाला पटतो.

मग उडवायचंच कशाला?

सकाळी लवकर हँगरपाशी या, म्हणजे कळेल. गोल इंजिनाच्या (सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या) विमानात रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. ते तसंच राहून इंजिन फुटू नये म्हणून दोन-तीन माणसं पंख्याची पाती हातानं एकेक करून फिरवतात. मग खोकल्यासारखे दोन-चार आवाज, पांढऱ्या धुराचा लोट, आणि इंजिन धरतं. पात्यावर किती जोर लावायचा हे ज्यांच्या हाताला कळतं, ती माणसं काचेआडच्या विमानावर तयार होत नाहीत.

येण्याआधी एवढं वाचा

स्पिटफायर जमिनीवर फार वेळ उभं राहू शकत नाही, रेडिएटरला वारा मिळत नाही आणि इंजिन तापतं. त्यामुळे ते बाहेर आलं की लगेच उडतं, तेव्हा चहाच्या रांगेत अडकू नका. नाक वर असल्यानं वैमानिकाला समोरचं दिसत नाही म्हणून ते नागमोडी चालतं. काही बिघडलेलं नसतं.

आडवा वारा वाढला की जुनी विमानं सगळ्यांत आधी रद्द होतात. मागे एका सहलीत आमच्या पाहुण्यांनी अख्खी दुपार ताडपत्रीखालचं विमान बघून काढली. एक काका चिडून म्हणाले, "एवढ्याशा वाऱ्याला घाबरले?" हो, घाबरले, आणि घाबरणाऱ्या आयोजकांकडेच आम्ही तुम्हाला नेतो. विमान न उडाल्यास सहलीचे पैसे परत मिळत नाहीत, हे नोंदणी अर्जावरही छापलेलं आहे.

"फार लांबून दिसतं" ही तक्रारही नेहमीची. अमेरिकेत वेगानुसार विमानाला प्रेक्षकांपासून 500, 1000 किंवा 1500 फूट दूर राहावं लागतं. दुर्बीण आणा. कानात घालायचे बोळे आम्ही देतो.