दुपट्यातला वाकडा टाका

भाचीला मुलगा झाला तेव्हा मी बाळासाठी दुपटं शिवलं. आईच्या दोन जुन्या सुती साड्या होत्या, धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या. त्या एकावर एक अंथरल्या, कडा आत दुमडून टाचल्या आणि कडेकडून आत धावदोरा घालत गेले. शेवटच्या कोपऱ्यात कापड गोळा झालं, चुणी पडली, टाके वाकडे गेले. उसवून पुन्हा घातले, तरी तेच. मग आठवडाभर दुपटं कपाटातच राहिलं. असलं कसं द्यायचं, असं वाटत होतं. शिवतानाच्या दुपारी मात्र फार सुखात गेल्या होत्या. स्वतःसाठी मी इतका वेळ सुई धरून बसले नसते.

हे सुख येतं कुठून? त्याचा एक धागा नुसत्या हाताने काही करण्यात आहे. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली अमेरिकेत 39 प्रौढांना 45 मिनिटं चित्रं, चिकटकाम, मातीकाम असं मनाला येईल ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे 75 टक्के लोकांमध्ये ते उतरलं होतं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि कॉर्टिसॉल दिवसभरात एरवीही उतरत जातं, म्हणून या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही.

दुसरा धागा देण्याचा, आणि तो मला जास्त पक्का वाटतो. लारा ॲकनिन, कायली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी कॅनडात दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर केलेला प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. मुलाची माकडाच्या एका बाहुलीशी ओळख करून दिली. मुलाच्या वाटीत खाऊ ठेवला. मग तीन गोष्टी घडल्या. मोठ्या माणसाने बाहुलीला खाऊ दिला. नवा सापडलेला खाऊ मुलाने बाहुलीला दिला. आणि मुलाने स्वतःच्या वाटीतला खाऊ काढून दिला. मुलांचे चेहरे चित्रित केले होते, त्यावरून इतरांनी आनंदाचे गुण दिले. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा देताना चेहरे जास्त खुलले होते, आणि सापडलेल्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला देताना अधिक. ज्या वयात ‘माझं, माझं’ सुरू असतं, त्या वयात!

दुपट्यात माझ्या वाटीतलं काय गेलं? साड्या तर आईच्या होत्या. गेल्या त्या दुपारी, आणि त्या दुसरीकडून आणता येत नाहीत. हातच्या वस्तूचा आनंद विकतच्या भेटीहून वेगळा लागतो तो यामुळेच असावा, असं मला वाटतं.

मेंदूतही याचा माग मिळतो. जॉर्ज मोल आणि सहकाऱ्यांनी 2006 साली 19 जणांच्या मेंदूचं एफएमआरआय चित्रण केलं, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी काम करतो ते यंत्राने पाहिलं. स्वतःला पैसे मिळताना मेंदूतला जो बक्षिसाचा मार्ग, म्हणजे काही मिळाल्याचं सुख देणारा भाग, जागा होतो, तोच दान द्यायचं ठरवतानाही जागा होत होता. शिवाय दान देताना कपाळामागचा, खोल खालच्या बाजूचा एक भाग विशेष काम करत होता. माणसांमधल्या जवळिकीशी, लळ्याशी त्याचा संबंध मानतात. प्रयोग पैशांचा होता, दुपट्यांचा नव्हे. पण ज्या बाळाला अजून पाहिलंही नाही, त्याचा विचार करत टाका घालताना जे आत हलतं, त्याला लळा हाच शब्द मला सुचतो.

दुपटं पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, ऑर्डरी घे की!” मी नाही म्हटलं. मोबदला ठरला की आवड ओसरते, अशी धास्ती होती. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक देऊ, असं आधीच सांगितलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत ही मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षीस अचानक मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून होती. इथे एक सांगायलाच हवं. गोधड्या, वाकळी शिवून घर चालवणाऱ्या बायांना, ‘तुम्हाला आनंद मिळतो ना’ म्हणत कमी पैसे देणं हा अन्यायच आहे. त्यांच्या डोळ्यांचं आणि पाठीचं मोल पुरेपूर मिळालं पाहिजे.

आता त्या कपाटातल्या आठवड्याबद्दल. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018 साली लोकांना आपल्या माणसांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला. अंदाज फार कमी निघाला. लिहिणारा शब्द नीट जमले का याच्या काळजीत होता. मिळणाऱ्याला पत्रातली माया जास्त जाणवत होती. हे वाचलं आणि माझं मला कळलं. मी चुणी बघत बसले होते. दुसऱ्याच दिवशी दुपटं पाठवून दिलं.

परवा भाचीचा फोन आला. “मावशी, दुपटं पार विरलंय. अजून एक शिवशील? पण पणजीच्याच साडीचं हवं गं, त्याला दुसरं चालत नाही.” आईची अबोली रंगाची साडी शिल्लक आहे. काठ फाटलेत, पण पदराकडचा भाग अजून धड आहे. दोन थर सहज निघतील.