घोरणारा पाइप

नेरूळला आमचा वन बीएचके, आतल्या खोलीत आईबाबा आणि हॉलमध्ये आम्ही, त्यामुळे चार फुटी फिश टँक घ्यायचा म्हटल्यावर बायकोची एकच अट होती, आवाज नको. दुकानदार म्हणाला ताई अजिबात आवाज नाही, संप, म्हणजे फिल्टरची खालची टाकी, कॅबिनेटमध्ये जातो, दार लावलं की विषय संपला. पहिल्या रात्री पंखा एकवर केला आणि कळलं काय ते. दीडेक मिनिट नुसती सळसळ, मग एकदम घुर्रर्रर्र, मग कोणीतरी चूळ भरल्यासारखं खळखळ, मग शांत, आणि डोळा लागणार तेवढ्यात परत घुर्रर्र. सलग आवाज असता तर झोप लागली असती हो, हार्बर लाइनच्या कडेला राहणारी माणसं आपण, लोकल गेली तरी कूस बदलत नाही. पण हा थांबून थांबून येणारा आवाज माणसाला वाट बघायला लावतो.

ज्यांनी असा टँक बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकीच्या कोपऱ्यात एक उभा कप्पा असतो, ओव्हरफ्लो, त्याला वर कंगव्यासारखे दात. दातांवरून पाणी आत पडतं, कप्प्यातल्या पाइपने खाली संपमध्ये उतरतं, तिथे फिल्टर होतं आणि पंप ते परत वर पाठवतो. दिवसरात्र हेच चालू.

आता गंमत बघा. माझा पंप तासाला साधारण २००० लिटर पाणी वर देतो. खाली जाणारा पाइप एक इंची, उतार पाऊण मीटरचा. हा पाइप तोंडापर्यंत भरून वाहिला तर एल्बोंमधलं, म्हणजे वळणाच्या जोडांमधलं, घर्षण वजा करूनही तासाला ३००० लिटरच्या वर सहज नेतो. म्हणजे पगार दोन हजार आणि खर्च तीन हजार. कप्प्यातलं पाणी बघता बघता खाली जातं, पाइपाचं तोंड उघडं पडतं आणि तो पाण्यासोबत हवा ओढायला लागतो, घुर्रर्र ते तेव्हा. सायफन, म्हणजे भरल्या पाइपाची खाली ओढ, तुटला की पाणी परत साठतं, तोंड बुडतं, सायफन लागतो, की पुन्हा तेच.

आजीकडे पितळेचा वासुदेवाचा पेला असायचा आठवतंय? पाणी ओतत जायचं, कृष्णाच्या पायाला लागलं की यमुना ओसरली, सगळं पाणी खालून निघून जायचं. आतमध्ये लपवलेली वक्रनलिका, दुसरं काही नाही. त्या पेल्यात बारीक धारेने पाणी सोडत राहा, तो भरेल, रिकामा होईल, परत भरेल. माझा आठ-दहा हजारांचा ओव्हरफ्लो म्हणजे आजीचा पेलाच, फक्त रात्रभर चालणारा.

आणि आवाज पाण्याचा नसतो बरं का, हवेचा असतो. पाण्यात अडकलेला बुडबुडा स्प्रिंगसारखा आत-बाहेर होतो आणि घंटीसारखा वाजतो. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचं गणित मांडलं, बुडबुडा जितका लहान तितका सूर वरचा. साबुदाण्याएवढा बुडबुडा २००० हर्ट्झच्या आसपास वाजतो, म्हणजे आपला कान जिथे सगळ्यात तिखट असतो तिथेच जवळपास. नळाच्या थेंबाचा टप्प आवाजसुद्धा थेंब आपटल्याचा नाही, त्याच्यामागे पाण्यात अडकलेल्या इवल्याशा बुडबुड्याचा आहे, हे २०१८ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने दाखवलं, आणि पाण्यात भांड्याचा साबण टाकला की टप्प बंद होतो हेही. (टँकमध्ये साबण टाकू नका, मासे मरतील. सांगितलेलं बरं.)

म्हणजे भांडण हवा आणि पाणी यांचं आहे, एकाच पाइपात दोघांना आलटून पालटून जायचंय. दोन लिटरची बाटली भरा आणि मोरीत उलटी धरा, ग्लुक ग्लुक करत रडत रडत रिकामी होईल. आता परत भरा, उलटी धरून जोरात गोल फिरवा, मध्ये भोवरा तयार होतो, हवा मधून वर, पाणी कडेने खाली, ग्लुक ग्लुक गायब आणि बाटली लवकर रिकामी होते. तिसरा प्रकार टँकचं पाणी काढताना आपण करतोच, नळी पूर्ण भरून सोडली की एक टिपूस आवाज नाही. तर हवेला कायमची वाट द्या नाहीतर कायमचं बाहेर ठेवा, मधल्यामध्ये लटकवलं की पाइप घोरणार.

मी आधी वाट दिली. याला डर्सो म्हणतात, पाइपाच्या डोक्यावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टीच्या बाजूला खाली तोंड केलेला एल्बो म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून घेतलं जातं, आणि वर एंड कॅप, कॅपला भोक. सगळा खेळ त्या भोकाचा. गॅसवर सुई तापवून दोन मिलिमीटरचं पाडलं तर घुर्रर्र दीड मिनिटाऐवजी पाच मिनिटांनी यायला लागलं, तेवढीच प्रगती. मोठं केलं तर घुर्रर्र थांबलं पण भोकच शीळ घालायला लागलं. शेवटी भोकात हवेची बारीक नळी खोचली आणि तिला हवा कमी-जास्त करायची हिरवी चावी लावली, ती चिमटीत धरून केसभर फिरवायची, कान पाइपाला लावून. एक जागा सापडते. पण महिन्याभरात पंपाला शेवाळ धरतं, प्रवाह कमी होतो आणि ती जागा सरकते.

मग हवा बाहेर ठेवायचं ठरवलं, त्याला हर्बी पद्धत म्हणतात. कप्प्याला दोन भोकं होती, एक उतरायचं, एक चढायचं. चढणारा पाइप काढून टाकीच्या मागून वर घेतला, त्याला पाण्याच्या जरा खाली एक छोटं भोक ठेवलं म्हणजे लाइट गेली की उलटा सायफन तिथेच तुटतो आणि अख्खी टाकी संपमध्ये उतरत नाही. रिकाम्या झालेल्या भोकात उंच, उघडा, कोरडा पाइप बसवला, इमर्जन्सी. मूळ पाइपाला खाली गेट व्हॉल्व्ह, चाक फिरवत हळूहळू आवळायचा. बॉल व्हॉल्व्ह घेऊ नका, तो इतका बारीक आवळता येत नाही. व्हॉल्व्ह आवळत गेलो की कप्प्यातली पातळी चढते, पाइपाचं तोंड कायम बुडालेलं राहतं आणि पाइप जेवढं येतं तेवढंच नेतो. पातळी चढल्याने दातांवरून पडणारं पाणी हातभर खाली आदळायचं ते दोन बोटं पडायला लागलं, तो आवाजही गेला. पाइपाचं खालचं टोक संपच्या पाण्यात फक्त दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, मी शहाणपणा करून वीतभर बुडवलं होतं तर सुरुवातीला पाइपातली हवा बाहेरच पडेना. आणि पाइपात स्पंज कोंबायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. स्पंज तुंबला की पाणी लादीवर, आणि मग खालच्या मजल्यावरचे काका दारात.

उरली पंपाची घरघर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्याच्या दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झने पंप गुणगुणतो आणि प्लायवूडचं कॅबिनेट डग्ग्यासारखं ती घुमवतं. संपखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा आणि पंपाच्या तोंडाशी कडक पीव्हीसीऐवजी मऊ नळी, एवढ्याने भागलं.

सगळं झाल्यावर पंप दहा वेळा बंद-चालू करून बघितलं, कारण महावितरण काही विचारून लाइट घालवत नाही. प्रत्येक वेळी मिनिटभर खळखळ झाली, सायफन आपोआप लागला, मग शांत.

तो इमर्जन्सी पाइप मात्र मुद्दाम ओबडधोबड ठेवलाय, त्यातून पाणी गेलं की मोठ्याने वाजतो. जुलैत एका रात्री तीन वाजता बायकोने हलवून उठवलं, घोरतोय परत. टॉर्च घेऊन कॅबिनेट उघडलं, व्हॉल्व्ह सोडून सोडून बघितला, तर आतून एक गोगलगाय टुपकन संपमध्ये पडली.