प्रिंट सर्व्हर : एक प्रिंटर, सगळं ऑफिस

प्रिंट सर्व्हर म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरकडून प्रिंटची कामं घेऊन ती रांगेत लावणारी आणि एकेक करून प्रिंटरला देणारी व्यवस्था. कधी तो वेगळा कॉम्प्युटर असतो, कधी प्रिंटरच्याच पोटात बसवलेलं नेटवर्क कार्ड, कधी राउटरच्या मागचं यूएसबीचं भोक, आणि कोकणातल्या छोट्या ऑफिसात बघाल तर बहुतेक वेळा कोपऱ्यातला तो जुना पीसी, ज्याला प्रिंटर यूएसबीने जोडलाय आणि मॉनिटरवर चिठ्ठी लावलीय, 'बंद करू नये'. पतसंस्था, ग्रामपंचायत, सेतू केंद्र, आंब्याची पेढी, हायस्कूलचं ऑफिस, सगळीकडे गणित तेच, टेबलं चार-पाच आणि प्रिंटर एक.

सेटिंग तसं अर्ध्या तासाचं काम आहे. पण इथे लाईट जाते, पावसात तर दिवसातून किती वेळा ते कोणी मोजत नाही, आणि लाईट आली की सगळं आपलं आपण जागेवर यायला पाहिजे नायतर सकाळी दहाला काउंटरवर माणसं उभी आणि आत प्रिंटर ऑफलाईन. त्यामुळे कोकणात प्रिंट सर्व्हर लावायचा तो लाईट जाणारच हे धरूनच लावायचा, ही नोंद पण त्याच हिशोबाने लिहिलीय.

रांग कशी चालते

वर्डमधून प्रिंट मारली की ती सरळ प्रिंटरला जात नाही. आधी ड्रायव्हर त्या पानाचं प्रिंटरला कळेल अशा भाषेत भाषांतर करतो (पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट किंवा त्या त्या कंपनीची स्वतःची भाषा), मग ते काम फाईल बनून डिस्कवर बसतं, आणि स्पूलर नावाची सेवा त्या फाईली आल्या तशा क्रमाने पुढे सोडते. विंडोजमध्ये हे सगळं सिस्टीम ३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आत, प्रिंटर्स नावाच्या फोल्डरात चालतं, तिथे एका कामाच्या दोन फाईली दिसतात, एसपीएलमध्ये मजकूर आणि एसएचडीमध्ये कोणाचं काम, कुठल्या प्रिंटरचं वगैरे.

फाईल डिस्कवर आहे म्हणजे लाईट गेली तरी ती तिथेच आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाई एकदा प्रिंट मारतात, कागद येत नाही, परत मारतात, 'माझी प्रिंट खय गेली?' म्हणून बाजूच्या पीसीवरून पण मारून बघतात, तेवढ्यात लाईट जाते. तासाभराने लाईट येते, प्रिंटर घुर्र करतो आणि तोच दाखला तीन वेळा बाहेर येतो. प्रिंटर बिघडला म्हणून मग मला फोन.

अडकलेलं काम काढायची रीत पण यातूनच येते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, त्या फोल्डरातलं सगळं पुसायचं (फोल्डर पुसायचा नाही, फक्त आतलं), आणि स्पूलर परत चालू करायचा. हे सर्व्हरवर करायचं, आपल्या टेबलावरच्या पीसीवर केलंत तर सर्व्हरवरची रांग तशीच राहते.

थोडा इतिहास

आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, दुकानाच्या पाटीवर पण तेच, आणि नेटवर्कवरची सामायिक छपाई पण त्याच झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क नावाच्या प्रयोगशाळेतली आहे. गॅरी स्टार्कवेदरने तिथे १९७१ च्या सुमारास लेझर प्रिंटर चालवून दाखवला, तो साधारण सेकंदाला एक पान काढायचा. एवढं महागडं मशीन प्रत्येकाच्या टेबलावर ठेवता येईना आणि तेवढ्या वेगाने त्याला पानं पुरवायची तर चांगली जलद वायर पाहिजे, म्हणून १९७३ मध्ये बॉब मेटकाफने ज्या इथरनेटची कल्पना मांडली त्यामागे हा प्रिंटर सगळ्यांना वापरता यावा हे एक मोठं कारण होतं. म्हणजे आज आपण जी लॅनची वायर ओढतो तिच्या मुळाशी प्रिंटर आहे, गंमतच आहे.

पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एलपीडी हा छपाईचा प्रोग्रॅम आला (पोर्ट ५१५, पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून डेटा आत यायचं नंबर दिलेलं दार, त्याची रीतसर नोंद १९९० ची), एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांनी पोर्ट ९१०० वर सरळ डेटा ढकलायची पद्धत रूढ केली, विंडोज आपली शेअरिंगची पद्धत वापरतं (पोर्ट ४४५), आणि १९९९ पासून आयपीपी म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, पोर्ट ६३१. हल्ली सगळं हळूहळू आयपीपीकडेच चाललंय, मोबाईलवरून प्रिंट मारतो ती पण बहुतेक त्याच वाटेने जाते.

विंडोजवर लावताना

सर्व्हर होणाऱ्या पीसीवर प्रिंटर आधी नीट चालवून घ्यायचा, टेस्ट पेज काढायचं. मग प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या टॅबवर टिक करून छोटं नाव द्यायचं, मधे जागा न सोडता. नेटवर्क प्रायव्हेट ठेवायचं, फाईल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करायचं. दुसऱ्या पीसीवर रनमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि सर्व्हरचं नाव किंवा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, म्हणजे नंबर) टाकला की प्रिंटर दिसतो, राईट क्लिक, कनेक्ट, झालं. साध्या विंडोज १० किंवा ११ ला एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे, तालुक्याच्या ऑफिसाला ती खूप झाली, त्यासाठी सर्व्हर आवृत्ती घ्यायची गरज नाही, विकणारा काही पण सांगू दे.

पासवर्डवालं शेअरिंग बंद करा म्हणजे लगेच चालेल असा सल्ला सगळे देतात. चालतं, पण मग त्या पीसीवर शेअर केलेले फोल्डर पण सगळ्यांना उघडे. त्यापेक्षा सर्व्हरवर प्रिंटपुरतं एक वेगळं खातं काढावं, पासवर्ड ठेवावा आणि प्रत्येक पीसीवर तो एकदा सेव्ह करावा.

२०२१ नंतर एक नवीन कटकट आली. जुलै २०२१ मध्ये स्पूलरमधलं प्रिंटनाइटमेअर नावाचं सुरक्षेतलं मोठं भगदाड उघडकीला आलं, मायक्रोसॉफ्टने ते बुजवताना नियम कडक केले, साध्या युजरला नेटवर्कवरून ड्रायव्हर टाकता येईना, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर तर चालू असलेले शेअर प्रिंटर पण शेवटी ११बी असलेला एरर देऊन जोडायचे बंद झाले. तेव्हा गावोगाव लोकांनी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) एक आकडा शून्य करून किंवा अपडेट काढून टाकून काम भागवलं, म्हणजे बुजवलेलं भोक परत उघडलं. सर्व्हर आणि बाकीचे पीसी सगळेच अपडेट करणं हा सरळ उपाय, एकच अपडेट आणि बाकी जुने असं ठेवलं की भांडण होतंच.

लाईट आणि आयपी

प्रिंटर नेटवर्कचा असेल तर तो राउटरकडून आयपी घेतो. लाईट गेली, राउटर बंद, परत आली, राउटर चालू, आणि साध्या राउटरला कोणाला काय नंबर दिलेला ते आठवेलच असं नाही. काल प्रिंटर १९२.१६८.१.१०४ वर होता, आज त्या नंबरवर कोणाचा तरी मोबाईल बसलाय. सगळे पीसी १०४ ला कागद छापायला सांगतायत आणि तिकडे काही नाही. यावर उपाय एकच, पत्ता कायमचा करायचा. राउटर समजा १०० ते २०० नंबर वाटतो, तर प्रिंटरला त्याच्या बाहेरचा ५० द्यायचा, नाहीतर राउटरमध्येच त्या प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाची स्वतःची कायमची ओळख) नंबर राखून ठेवायचा. मग विंडोजमध्ये स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट बनवून तोच नंबर टाकायचा, आपोआप सापडलेला डब्ल्यूएसडी पोर्ट ठेवायचा नाही, तो हमखास दगा देतो. आणि प्रिंटर चालू असून विंडोज ऑफलाईन म्हणत असेल तर त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची टिक काढून बघा, कित्येक वेळा तेवढंच असतं. नेटवाला राउटर बदलून गेला की हे सगळं परत तपासायचं, कारण नवा राउटर १९२.१६८.० चे नंबर वाटत असेल तर तुमचा १.५० वाला प्रिंटर वाळीत पडला.

पीसीच सर्व्हर असेल तर त्याच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं पीसीचं मूळ सेटिंग) लाईट परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती चालू करायची, आणि विंडोजमधली स्लीप बंद. सर्व्हर पीसी, राउटर आणि स्विच यूपीएसवर ठेवायचे. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका, कागद तापवायचा त्याचा हीटर एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो आणि सोबत सर्व्हर पण जातो. प्रिंटर बंद पडू दे, काम रांगेत सुरक्षित आहे.

विजांचं वेगळंच. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत, आंब्याच्या फांदीवरून ओढलेली लॅनची वायर ही वीज आत आणायची वाटच समजा, स्विचचे पोर्ट जळतात आणि प्रिंटरचं नेटवर्क कार्ड पण. दोन इमारतींमध्ये फायबर टाका नायतर वायफायने जोडा. तांब्याच्या वायरला तसं पण १०० मीटरची मर्यादा आहे. आणि सीपीयू जमिनीवर ठेवू नये हे २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत कोणाला समजवायला लागत नाही.

पासबुकाचा प्रिंटर

पतसंस्थेत दोन प्रिंटर असतात, एक लेझर आणि एक पासबुकाचा डॉट मॅट्रिक्स, आणि दोघांची रांग वेगळी ठेवावीच लागते, नाहीतर कोणाचा तरी चार पानी अहवाल मावशींच्या पासबुकावर छापला जातो. सॉफ्टवेअर जुनं डॉसवालं असेल तर ते सरळ एलपीटी१ नावाच्या पोर्टवर लिहितं, आजच्या पीसीला तो पोर्टच नसतो, मग 'नेट यूज' कमांडने एलपीटी१ हे नाव सर्व्हरवरच्या शेअर प्रिंटरला बांधायचं, शेवटी पर्सिस्टंट यस लिहायचं म्हणजे दर वेळी बांधावं लागत नाही. अशी जुनी सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत, म्हणून काउंटरवर अजून ३२ बिट विंडोज दिसतं. आणि इथे पण लाईटचाच मुद्दा, काउंटरचा पीसी आधी चालू झाला आणि सर्व्हर मागून आला तर ते बांधलेलं सुटतं. आधी सर्व्हर, मग काउंटर, ही सवय शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना लावायची. डॉट मॅट्रिक्सच्या नुसत्या टेक्स्ट मोडला सहसा देवनागरी येत नाही, मराठीतून छापायचं तर अक्षरं चित्र म्हणून जातात आणि वेग एकदम पडतो, पासबुकातल्या नोंदी इंग्रजीत असतात त्यामागे हे पण एक कारण.

लेझरवरच्या मराठीचं दुखणं निराळं. आताच्या विंडोजमध्ये पान शक्यतो प्रिंट मारणाऱ्याच्याच पीसीवर तयार होतं, त्यामुळे कृतिदेव किंवा श्रीलिपीतलं पत्र ज्या पीसीवर तो फॉन्ट नाही तिथून मारलं तर गिचमिड येणार, सर्व्हरवर फॉन्ट टाकून काही उपयोग नाही. युनिकोडमध्ये टाईप करा, नायतर पीडीएफ करताना फॉन्ट आत बांधून घ्या.

छोटा सर्व्हर, लिनक्सवर

जुना पीसी दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा बोर्ड मला बरा वाटतो, वीज नगण्य, मोबाईलच्या चार्जरएवढ्या अडॅप्टरवर चालतो, आणि लाईट आली की स्वतः उठतो. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम चालते, तिच्यावर कप्स टाकायचं. कप्स हे मायकल स्वीटने १९९० च्या दशकाच्या शेवटी लिहिलेलं छपाईचं सॉफ्टवेअर, ॲपलने २००२ पासून मॅकमध्ये वापरलं आणि २००७ मध्ये विकतच घेतलं, लिनक्सवर पण तेच चालतं. ब्राउजरमध्ये बोर्डचा आयपी आणि पुढे ६३१ टाकला की त्याचं पान उघडतं, तिथूनच प्रिंटर जोडायचा, शेअर करायचा, अडकलेली कामं काढायची. विंडोजला तो आयपीपीने जोडता येतो, आणि नेटवर्कवर प्रिंटरची ओळख सांगणारी अवाही नावाची सेवा सोबत चालू असली की मोबाईलला पण प्रिंटर दिसतो.

मात्र घेण्याआधी प्रिंटर कुठला ते बघा. स्वस्तातले बरेच लेझर पानाची सगळी आखणी कॉम्प्युटरकडून करून घेतात, कंपनीचा ड्रायव्हर फक्त इंटेलच्या प्रोसेसरसाठी असला तर तो या बोर्डवर चालत नाही. एचपी लेझरजेट १०२० तर प्रत्येक वेळी चालू झाल्यावर आपलं फर्मवेअरच (त्याला आतून चालवणारा प्रोग्रॅम) कॉम्प्युटरकडून मागून घेतो, लिनक्सवर त्याची वेगळी सोय करावी लागते, आणि बाजारात मिळणाऱ्या प्रिंट सर्व्हरच्या छोट्या डब्या अशा प्रिंटरपुढे हात टेकतात.

प्रिंटरचा ९१०० किंवा ६३१ पोर्ट राउटरमधून बाहेर इंटरनेटला उघडू नका, घरून प्रिंट मारायची कितीही हौस असली तरी. कप्सच्या जोडीला येणाऱ्या ब्राउज्ड सेवेत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षेतली अशीच भोकं सापडली, ती सेवा लागत नसेल तर बंद ठेवावी.

कागद

जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ट्रेमधला कागद दोन दिवसांत मऊ पडतो, कडा वळतात, दोन-दोन ओढले जातात, आणि एक अडकला की मागची सगळी रांग थांबते, शिव्या मात्र सर्व्हरला पडतात. लेझरमधून कधी धुरासारखं काहीतरी निघताना दिसतं, घाबरायचं नाही, कागदातल्या पाण्याची वाफ असते ती. रिम फोडलं की लागेल तेवढंच बाहेर काढायचं, बाकीचं परत त्याच वेष्टनात गुंडाळून शून्य वॅटचा बल्ब लावलेल्या लोखंडी कपाटात. शनिवारी संध्याकाळी ट्रेमधला कागद पण काढून तिथेच ठेवायचा. त्यानंतर कोणी प्रिंट मारलीच तर ती सर्व्हरवर थांबून राहते, सोमवारी कागद घातला की आधी तीच बाहेर येते.