ब्रिटिश समाजातील शॅम्पेन

शॅम्पेन ही फ्रान्सच्या ईशान्येकडील शॅम्पेन प्रांतात तयार होणारी फेसाळ वाइन. ब्रिटनमध्ये ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबारी चैन म्हणून रुजली आणि एकोणिसाव्या शतकात पैसा व पत मिरवण्याचे साधन झाली. वाइन फ्रेंच असली, तरी तिच्या बुडबुड्यांचे वेड आधी लंडनला लागले.

या प्रांतात थंडी पडली की पिंपातले आंबणे अर्धवट थांबते आणि वसंतात ऊब मिळताच पुन्हा सुरू होते. तोवर वाइन बाटलीत बंद झालेली असेल, तर वायू आतच कोंडतो. फ्रेंच मद्यकारांच्या लेखी हा दोष होता, कारण बाटल्या तळघरातच फुटत. इंग्लंडमध्ये वाइन पिंपांतून येई आणि बाटल्या तिथे भरल्या जात. जहाजांसाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून राजा पहिला जेम्स याने १६१५ मध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी घातली होती. भट्ट्या दगडी कोळशावर चालू लागल्या, आच वाढली आणि काच जाड, काळपट व दणकट झाली. दाब सोसणारी बाटली मिळाली ती अशी, आरमाराच्या कृपेने. १७ डिसेंबर १६६२ रोजी ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने रॉयल सोसायटीत सादर केलेल्या निबंधात, वाइन फेसाळ व्हावी म्हणून पिंपवाले तीत भरपूर साखर आणि काकवी घालतात, अशी नोंद आहे. शॅम्पेनचा जनक म्हणून ज्याची दंतकथा सांगतात तो दोम पेरिन्यों ओव्हिलेच्या मठात आला, तोच मुळी १६६८ मध्ये.

फॅशन आणली ती सेंत-एव्हरमों या फ्रेंच सरदाराने. चौदाव्या लुईची खप्पा मर्जी झाल्याने तो १६६१ मध्ये पळून गेला आणि पुढे लंडनलाच स्थायिक झाला. खाण्यापिण्यातला त्याचा शब्द दरबारात प्रमाण मानला जाई. दुसऱ्या चार्ल्सने त्याला तनखा दिला आणि सेंट जेम्स पार्कातील बदकांच्या बेटाचे ‘गव्हर्नर’पदही! १७०३ मध्ये तो वारला. त्याच वर्षी झालेल्या मेथुएन करारामुळे पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनपेक्षा कमी राहिली. मध्यम ऐपतीचा गृहस्थ पोर्ट या गोड पोर्तुगीज वाइनकडे वळला, आणि महागडी शॅम्पेन तेवढीच अधिक हवीहवीशी झाली.

१८६० मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी फ्रेंच वाइनवरील जकात उतरवल्यावर चित्र पालटले. १८६६ पासून जॉर्ज लेबर्न हा म्युझिक हॉलचा, म्हणजे गाण्या-नकलांच्या लोकप्रिय रंगमंचाचा, गायक ‘शॅम्पेन चार्ली’ या गाण्यातून रात्रभर बाटल्या फोडणाऱ्या छैलाची नक्कल करू लागला. ऐकणाऱ्यांत कारकून होते, कामगारही होते. ज्यांना बाटली परवडत नव्हती त्यांनाही तिचे नाव तोंडपाठ झाले.

ब्रिटिशांनी शॅम्पेनची चवही बदलली. बाटलीतला गाळ काढल्यावर ती साखर मिसळलेल्या वाइनने पुन्हा भरतात; ही साखर किती, हे गिऱ्हाईक पाहून ठरे. रशियाला जाणारी शॅम्पेन सरबतासारखी गोड असे. लंडनकरांकडे जेवणानंतरच्या गोडासाठी पोर्ट होतीच. त्यांना जेवणाबरोबर चालेल अशी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन हवी होती. शॅम्पेन उत्पादक मादाम पोमेरी यांनी १८७४ च्या पिकाची कोरडी शॅम्पेन या बाजारासाठी काढली, तेव्हा तिचा मोठा बोलबाला झाला. आज जगभर खपणारी ‘ब्रूत’, म्हणजे कोरडी, शॅम्पेन हा मुख्यतः या ब्रिटिश आवडीचा वारसा आहे.

विसाव्या शतकात विन्स्टन चर्चिल यांची पोल रोजे या शॅम्पेनवरची भक्ती सर्वश्रुत होती. १९६० मध्ये ‘स्पॅनिश शॅम्पेन’ या नावावर फ्रेंच उत्पादकांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली आणि ती जिंकली. त्याआधीच, १९५३ मध्ये, शेप्टन मॅलेटच्या शॉवरिंग कुटुंबाने नासपतीच्या रसाची ‘बेबीशॅम’ छोट्या बाटलीत आणली होती. शॅम्पेनच्या पसरट प्याल्यात ती घेतली की पबमध्ये आलेल्या बाईला थोड्या पैशांत थाट मिळे. पुढे नारायणगावची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइनही ब्रिटनमध्ये विकली जाऊ लागली. मराठी वाचकाला ही गंमत ठाऊक असावी.

ससेक्स आणि केंटची खडूमय जमीन शॅम्पेन प्रांताशी मिळतीजुळती आहे. ससेक्समधील नायटिंबर येथे १९८८ मध्ये शॅम्पेनच्याच जातींची द्राक्षे लावली गेली. २०१५ मध्ये तेतांजे या फ्रेंच घराण्याने केंटमध्ये मळ्यासाठी जमीन घेतली आणि मळ्याला नाव दिले ‘डोमेन एव्हरमों’.